पन्नास किलोमीटरला सात तास: पीक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रॅव्हल सायकलचा मार्ग कसा जुळवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात असताना रविवारी शंभर किलोमीटर आरामात व्हायचे. आठ महिन्यांपूर्वी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये डर्बीला आलो आणि ग्रॅव्हल बाइक (खडीच्या, कच्च्या वाटांवर चालवायची सायकल) घेतली. ॲपला ‘पीक डिस्ट्रिक्ट, ग्रॅव्हल, ५० किमी’ सांगितलं आणि त्याने दिलेल्या मार्गाने गेलो. सात तास लागले, चार वेळा सायकल उचलून दगडी भिंतीपलीकडे टाकावी लागली, एक शेतकरी ओरडला, दोन पंक्चर झाली. टायर ३८ मिमी, पुढे ४० दातांची एकच चेनरिंग, मागे ११-४२ कॅसेट (सगळ्यात लहान चकती ११ दातांची, मोठी ४२). पाच चांगले मार्ग सुचवा. गिअर बदलू का?

गिअर राहू द्या. आणि पाच मार्ग आत्ता नकोत, एकच सांगतो, पण नीट सांगतो. मी शेफील्डमध्ये बारा वर्षं आहे, त्यातली दहा या डोंगरांत सायकल चालवतोय, महिन्यातून दोनदा नवख्या मंडळींना घेऊन जातो. तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेले बहुतेक जण दमाला दोष देतात. तुमचा दम कमी पडलेला नाही. तुमच्या प्रश्नातला खरा धागा ‘चार वेळा सायकल उचलली’ हा आहे.

भिंतीवरून चढून जायला दगडी किंवा लाकडी पायऱ्या असतील, तर त्यांना इथे ‘स्टाइल’ म्हणतात. कोकणात गडग्याला पाय ठेवायला दगड बाहेर काढून ठेवतात, तसाच प्रकार. स्टाइल माणसासाठी असते. घोडा तिच्यावरून जाऊ शकत नाही, आणि जिथे घोडा जाऊ शकत नाही ती वाट बहुधा सायकलची नसतेच. म्हणजे तुम्ही चार वेळा फूटपाथवर होतात आणि तो शेतकरी अगदीच चुकीचा नव्हता.

इथे ‘फूटपाथ’ या शब्दाने आपली फसगत होते. डोळ्यांसमोर रस्त्याकडेचा पदपथ येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये फूटपाथ म्हणजे शेतातून, कुरणातून जाणारी, फक्त पायी जाणाऱ्यांच्या हक्काची वाट. ‘ब्रिडलवे’ ही घोडेस्वार आणि पादचाऱ्यांची. तिच्यावर सायकल चालवायची मुभा १९६८च्या कंट्रीसाइड ॲक्टने दिली, तीही घोड्याला आणि पायी माणसाला आधी वाट द्यायची या अटीवर. त्यापुढे मोटारींना बंद असलेला ‘रिस्ट्रिक्टेड बायवे’ आणि सगळ्या वाहनांना खुला असलेला बायवे. दोन्हींवर सायकल चालते. फूटपाथवर सायकल घातली तर सहसा तो गुन्हा ठरत नाही, जमीनमालकाच्या हद्दीत घुसल्याचा दिवाणी मामला होतो. पोलीस येणार नाहीत, पण ‘उतरा आणि मागे जा’ म्हणायचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. मोकळ्या माळांवर कुठेही फिरायचा जो हक्क इथे अभिमानाने सांगतात, तोसुद्धा पायी फिरणाऱ्यांचा. किंडर स्काउट या इथल्याच डोंगरावर १९३२ साली लोक मुद्दाम हद्द मोडून चढले होते, तेही पायीच. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि सायकलवाल्यांना बराच उदार आहे, त्यामुळे तिकडच्या मित्राचा सल्ला इथे लावू नका.

प्रत्यक्ष वाटेवर खूण सोपी असते. खांबावरचा पिवळा बाण म्हणजे फूटपाथ, निळा म्हणजे ब्रिडलवे, जांभळा रिस्ट्रिक्टेड बायवे, लाल बायवे. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० नकाशावर (केशरी मुखपृष्ठाचा ‘एक्सप्लोरर’) हिरव्या आखूड तुटक रेषा फूटपाथच्या आणि लांब तुटक रेषा ब्रिडलवेच्या. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली या दोन्ही सारख्याच दिसतात. पहिल्या वर्षी मी एकदा आखूड रेषा लांब समजून मार्ग आखला आणि दोन दगडांमधल्या एवढ्याशा फटीसमोर जाऊन उभा राहिलो की हँडल सोडाच, माझं पोटही आडवं जाईना. तेव्हापासून नकाशा दिवसाउजेडी बघतो.

ॲप चुकतं ते इथेच. ते रेषा जोडतं. त्याच्या आधारनकाशात एखाद्या रेषेवर नुसतं ‘पाथ’ लिहिलेलं असलं आणि हक्काची नोंद नसली, तर ते सायकलसकट तिच्यावर घालतं. लोक कुठून जातात हे दाखवणारा हीटमॅपही तसाच; चार जण जातात एवढंच त्यावरून कळतं.

आता समजा सगळी रेषा निळ्या बाणाची आहे. तरी अर्धंच काम झालं. ब्रिडलवे हा कायद्यातला हक्क आहे, तो पायाखाली काय आहे ते सांगत नाही. एक ब्रिडलवे बारीक खडीचा, पुण्याच्या टेकडीवरच्या वाटेपेक्षा गुळगुळीत असेल. दुसरा घोड्यांच्या टापांनी तुडवलेला गुडघाभर चिखल. तिसरा पाण्याने धुऊन निघालेला खडकांचा जिना. कागदावर तिन्ही एकाच रेषेने काढलेले. तुमच्या सात तासांपैकी निदान दोन या तिसऱ्या प्रकारात गेले असणार.

हे कुठे कसं असेल ते बरंचसं खडकावर ठरतं. पीक डिस्ट्रिक्ट (१९५१ साली झालेलं इथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान) दोन तुकड्यांत समजून घ्या. दक्षिणेकडे, म्हणजे तुमच्या बाजूला, व्हाइट पीक: चुनखडी, हिरवी कुरणं, पांढरे गडगे, मधेच खोल दऱ्या. उत्तरेकडे आणि दोन्ही कडांना डार्क पीक: ग्रिटस्टोन हा खरखरीत वालुकाश्म, वर पीट, म्हणजे काळी, स्पंजासारखी पाणी धरणारी माती. ग्रिटस्टोन ओला असला तरी टायर धरतो, पण तिथल्या वाटा ओबडधोबड. व्हाइट पीकच्या वाटा कोरड्या असताना सुरेख; ओली, घासून गुळगुळीत झालेली चुनखडी मात्र साबण. पावसात तिचा पांढरा राबडा होतो, चेनवर वाळला की सिमेंटसारखा बसतो. माझे नवे ब्रेक पॅड अशा एका नोव्हेंबरच्या दिवसात धातूपर्यंत झिजले होते. शेवटचे दहा किलोमीटर प्रत्येक उतारावर खाली उतरून सायकल हातात धरून चाललो.

म्हणून ‘चांगला मार्ग कोणता’ याचं उत्तर महिना, आधीच्या तीन दिवसांचा पाऊस, टायरची रुंदी आणि तुम्हाला धडपडायला कितपत आवडतं यावर अवलंबून आहे. जूनमध्ये ज्या वाटेची मी शिफारस करीन, तिच्यावर जानेवारीत मी स्वतः जाणार नाही.

माझी आखणीची रीत सांगतो. आदल्या रात्री नकाशा उघडून आधी बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटा शोधतो. हा भाग त्यांनी भरलेला आहे आणि त्यांचा चढ जवळजवळ नसल्यासारखा. मग त्यांना जोडणाऱ्या दोन गडग्यांमधल्या जुन्या वाटा बघतो. नकाशावर दोन समांतर काळ्या रेषा आणि त्यांवर ब्रिडलवेची किंवा बायवेची खूण असेल, तर खाली बहुतेक टणक जमीन मिळते, कारण एकेकाळी त्यावरून गाड्या गेल्या आहेत. शेताच्या मधून तिरकी जाणारी एकटी हिरवी रेषा दिसली की संशय घ्यायचा. ती समोच्च रेषांना काटकोनात कापत असेल तर उतरायचा खडकाळ ओढा समजायचा. शेवटी उपग्रहाचं छायाचित्र बघतो. ट्रॅक्टरच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या दिसल्या तर जायचं. नुसताच हिरवा पट्टा दिसला तर उन्हाळ्यासाठी राखून ठेवायचा.

वेळेचा माझा ठोकताळा: रेल्वेच्या वाटेवर ताशी १५-१६ किमी, गावरस्त्यांवर तेवढेच (चढांमुळे), ब्रिडलवेवर ८. प्रत्येक फाटकाला एक मिनिट. पन्नास किलोमीटरपैकी वीस ब्रिडलवे निघाले तर तिथेच अडीच तास गेले, हे आधी कळतं. आणि पुण्याच्या शंभराशी तुलना सोडून द्या. आपला घाट लांब पण मापाचा असतो; कात्रजला किंवा खंबाटकीला एकदा लय सापडली की माणूस चढत राहतो. इथले गावरस्ते वळण घ्यायचे कष्टच घेत नाहीत, टेकडी समोर आली की सरळ वर. सहाशे-सातशे मीटर लांब, २० टक्क्यांची पाटी, वर पोचलात की लगेच खाली, की पुन्हा तेच. तुमचा ४० आणि ४२चा सगळ्यात हलका गिअर याला पुरतो. उरलेलं चालत. इथे चालण्याची कुणाला लाज नाही.

तेव्हा पहिला मार्ग. डर्बीहून मॅटलॉकला जाणारी गाडी पकडा आणि क्रॉमफर्डला उतरा, अर्धा तास लागतो. गाडीत सायकलींना जागा मोजकीच असते, म्हणून सकाळची लवकरची गाडी घ्या. क्रॉमफर्डला आर्कराइटची १७७१ची पाण्यावर चालणारी सूतगिरणी आहे. आपल्या गिरणगावाची खापरपणजी म्हणा ना. ती परत कधी निवांत बघा. स्टेशनपासून रस्त्याने जेमतेम दोन किलोमीटरवर हाय पीक जंक्शन, कालव्याच्या काठी. इथून हाय पीक ट्रेल सुरू होतो.

हा ट्रेल म्हणजे १८३१ साली पुरी झालेली क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे. ती आखली जोसायस जेसप या कालवे बांधणाऱ्या घराण्यातल्या इंजिनिअरने, आणि आखली कालव्यासारखीच: लांबच लांब सपाट पट्टे आणि कालव्याला जिथे जलद्वारं आली असती तिथे एकदम तीव्र उतार. त्या उतारांवर (त्यांना ‘इनक्लाइन’ म्हणतात) डबे वाफेच्या जागच्या इंजिनांनी दोराने वर ओढायचे. याचा तुमच्याशी संबंध असा की पहिल्या पाच-सहा किलोमीटरमध्येच दिवसातला बहुतेक चढ संपतो. शीप पाश्चर इनक्लाइन सव्वा किलोमीटरच्या आसपास, ११-१२ टक्के, वळण नाही, झाडांची सावली, आणि वरचं टोक समोर दिसत असूनही जवळ येत नाही. पायथ्याशी सुटलेले डबे अडवायला केलेला खड्डा अजून आहे. तो बघितला की उताराचा अंदाज येतो. पुढे ब्लॅक रॉक्सच्या कड्याखालून गेलात की मिडलटन इनक्लाइन, आखूड पण तेवढाच तीव्र. सुरुवातीलाच पाय भरून येतील. उतरा, चाला. वर मिडलटन टॉपला १८२९चं ओढायचं इंजिन त्याच्या दगडी घरात जपून ठेवलंय. कालव्याकाठी तुम्ही समुद्रसपाटीपासून ८५ मीटरवर होतात, इथे ३००च्या आसपास.

यानंतर हॉप्टनचा एक चढ, सुमारे ७ टक्के. तो संपला की पार्स्ली हेपर्यंत मोकळं पठार. बारीक चुनखडीचा थर, दोन्हीकडे गडगे, लांबवर मिनिंगलोच्या टेकडीवरचं झाडांचं कडं, जे अर्धा तास तुमच्याबरोबर जागा बदलत राहतं. तिथल्या उंच दगडी भरावावर थांबून एकदा कडेने खाली वाकून बघा. चुना न लावता रचलेल्या दगडांवर एवढी रेल्वे गेली. पुढे गोथमचं वळण येतं. रेल्वेच्या मानाने ते इतकं अरुंद आहे, त्रिज्या जेमतेम ५० मीटर, की सायकलवरूनसुद्धा जाणवतं. हा पट्टा उघडा आहे. वारा इथे बहुतेक नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो आणि तुम्ही वायव्येला चाललेले असता, म्हणजे तो थोडाफार तोंडावर घ्यावा लागेल. म्हणूनच हे आधी ठेवायचं, पाय ताजे असताना.

पार्स्ली हेला कॅफे, शौचालय, भाड्याच्या सायकली, सगळं आहे. क्रॉमफर्डपासून पंचविसेक किलोमीटर झालेले असतात. इथे बसून ठरवा. दमला असाल किंवा आभाळ भरून आलं असेल तर आल्या वाटेने मागे फिरा. बहुतेक उतार आहे, फक्त इनक्लाइनवर ब्रेक सांभाळा आणि चालणाऱ्यांच्या अंगावर जाऊ नका. बरं वाटत असेल तर टिसिंग्टन ट्रेल धरा. तीही जुनी रेल्वेच, २१ किमी, ॲशबर्नपर्यंत हळूहळू उतरत जाते. हार्टिंग्टनला सिग्नलची केबिन अजून उभी आहे. टिसिंग्टन गावात मे महिन्यात, असेन्शन डेच्या सुमारास, विहिरींना ओल्या मातीवर फुलांच्या पाकळ्या टोचून केलेली चित्रं लावतात. आपल्या फुलांच्या रांगोळीची सवय असलेल्या माणसाला ती पाहून घरचं काहीतरी भेटल्यासारखं होतं. ॲशबर्नला रेल्वे नाही. तिथून डर्बीला ए-५२ने येऊ नका, गाड्या वेगात असतात. नॅशनल सायकल नेटवर्कचा ६८ क्रमांकाचा मार्ग थोडा वळसा घेऊन गावरस्त्यांनी आणतो. सगळे मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. तुमचा पुण्याचा दम असेल तर थांबे धरून सहा तासांत घरी.

‘यात ग्रॅव्हल कुठे, ही तर बागेतली वाट’ असं वाटेल. वाटू द्या. पहिल्यांदा असंच करा आणि पुढच्या वेळी हाच सांगाडा ठेवून मधे चार-पाच किलोमीटरची एखादी गडग्यांमधली ब्रिडलवे घाला. आवडली नाही तर दहा मिनिटांत पुन्हा ट्रेलवर. पाचशे वाटा एकदम शिकण्यापेक्षा ओळखीच्या कण्याला एकेक फासळी जोडत जाणं सोपं पडतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मोन्सल ट्रेल, हीही जुनी रेल्वेच, १३-१४ किमी, २०११ साली त्याचे चार लांब बोगदे खुले झाले. भर उन्हाळ्यात आत गार हवा आणि छतातून ठिबकणारं पाणी. दिवे फक्त दिवसा असतात, म्हणून सायकलचा दिवा ठेवाच. रविवारी दहानंतर कुत्री, लहान मुलं आणि बाबागाड्या, आठला पोचा. ही रेल्वे झाली तेव्हा मोन्सल डेलच्या दरीचा सत्यानाश झाला म्हणून इंग्रज लेखक रस्किनने आकांत केला होता. गांधीजी ज्याला मानत, तोच हा रस्किन. आज लोक दरीवरच्या त्याच रेल्वेच्या पुलाचे फोटो काढायला येतात.

माझा लाडका म्हणाल तर डर्वेंट आणि हाउडन जलाशयांची फेरी. धरणाच्या पायथ्याच्या फेअरहोम्सपासून पश्चिमेच्या डांबरी रस्त्याने वर जायचं, टोकाला नदी ओलांडून पूर्वेच्या खडीच्या वाटेने परत, सुमारे १६ किमी. टोकाचा दगडी पूल मूळचा डर्वेंट गावातला. लेडीबॉवर धरणात ते गाव बुडणार म्हणून दगड न् दगड सुटा करून तो इथे आणून पुन्हा उभा केला. कोयनेच्या किंवा मुळशीच्या पाण्याखाली गावं गेलेली ज्यांनी ऐकलंय, त्यांना तिथे दोन मिनिटं थांबावंसं वाटतंच. शेफील्डहून येणार असाल तर हाउंडकर्क रोड, माळावरून जाणारा जुना घोडागाडीचा रस्ता. पण ३८च्या टायरवर दात खुळखुळतील. दक्षिणेचा साउथ डाउन्स वे किंवा विंचेस्टरपासून सुरू होणारा ३५० किमीचा किंग आल्फ्रेड्स वे हे पुढच्या उन्हाळ्याचे बेत. तिकडे खडू आणि गारगोटी. ओला खडू चुनखडीलाही लाजवतो.

आता पंक्चर. तुम्ही सप्टेंबरमध्ये गेलात ना? इथे मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीसाठी शेताची कुंपणं छाटायला बंदी असते. एक सप्टेंबरला ती उठते, ट्रॅक्टर बाहेर पडतात आणि हॉथॉर्नचे काटे गावरस्त्यांवर पसरतात. आपली बाभूळच, फक्त गोऱ्या मुलखातली. ट्यूबलेस करून घ्या, सीलंट (टायरच्या आत राहून भोक बुजवणारा द्रव) ताजं ठेवा. काटा रुतलेला दिसला तर घरी पोचेपर्यंत उपटू नका. फ्रेम आणि फोर्कमध्ये जागा असेल तर ४२ किंवा ४५चे टायर. बाजूला निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर चिखल चाकच अडवतो. माझं वजन ७२ किलो, ट्यूबलेस ४५ला मागे ३२, पुढे ३० पीएसआय भरतो. तुमचं वजन सांगितलं नाहीत, म्हणून हा आकडा डोळे मिटून घेऊ नका. हिवाळ्यात ब्रेक पॅड सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) लावा, आवाज करतात पण टिकतात.

घोडा दिसला की लांबूनच हाक मारा. नुसती घंटा नको, माणसाचा आवाज ऐकला की घोडा बिचकत नाही. मागून गुपचूप कधीच जायचं नाही. फाटक जसं मिळालं तसं ठेवायचं: बंद असेल तर बंद, उघडं बांधलेलं असेल तर उघडं. वासरांसकट गाई वाटेत बसल्या असतील तर कडेने मोठा वळसा घ्या. गाय म्हणजे गरीब, ही समजूत इथल्या कुरणाबाहेर सोडून या. दऱ्यांमध्ये फोनला रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. पडलात आणि हलता येत नसेल तर ९९९ला फोन करून आधी पोलीस मागायचे आणि त्यांना ‘माउंटन रेस्क्यू’ हवं म्हणून सांगायचं. थेट रुग्णवाहिका मागितलीत तर ती रस्त्यापर्यंतच येईल.

आणि घाई एकाच गोष्टीची करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, डिसेंबरात पावणेचार-चारला सूर्य मावळतो. सत्तर किलोमीटरचा हा बेत त्याआधीच्या एखाद्या कोरड्या रविवारी उरका. जाऊन आलात की मिडलटनचा चढ चालवलात की चाललात तेवढं कळवा, मग पहिली फासळी कुठे जोडायची ते बघू.